उंदीर, आमिष आणि ‘गोडी’ : शर्करा व आहारवर्तनविषयक संशोधनाची निफाडच्या संदर्भात चिकित्सा

सारांश

उंदरांच्या आहारवर्तनावर निरनिराळ्या शर्करांचा होणारा परिणाम हा गेल्या आठ दशकांहून अधिक काळ प्रायोगिक मानसशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांचा आवडता विषय राहिला आहे. ‘उंदराला गोड आवडते, म्हणून विषारी आमिषात गूळ अथवा साखर घालावी’ हा ग्रामीण भागातील समज याच संशोधनाचा आधार घेऊन मांडला जातो. हे संशोधन प्रत्यक्षात काय सांगते आणि निफाड तालुक्यासारख्या ऊस, द्राक्ष व गहू पिकविणाऱ्या प्रदेशात त्याचा कितपत उपयोग होतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ‘गोडी’ या एका शब्दाखाली जिभेची पसंती, पचनानंतरचे शिक्षण आणि एकूण आहारमान या तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि त्यामुळे आमिषाविषयीचा निष्कर्ष चुकतो, हे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शर्करा, आहारवर्तन, आमिषबुजरेपणा, लहान घूस, निफाड.

१. प्रस्तावना

गोदावरी व कादवा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला निफाड तालुका द्राक्षबागा, ऊस, गहू आणि लासलगावच्या बाजारपेठेमुळे देशभर परिचित झालेला कांदा यांसाठी ओळखला जातो. रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेत ग्लुकोजला ‘द्राक्षशर्करा’, फ्रुक्टोजला ‘फलशर्करा’ आणि सुक्रोजला ‘इक्षुशर्करा’ म्हणतात. या तिन्ही शर्करा या तालुक्याच्या शिवारात पिकतात. पक्व उसाच्या रसात इक्षुशर्करेचे प्राबल्य असते, तर द्राक्षात द्राक्षशर्करा व फलशर्करा जवळजवळ समप्रमाणात असून इक्षुशर्करा अत्यल्प असते. गव्हात मुख्यतः पिष्ट असते आणि ते पचल्यावर त्याची द्राक्षशर्कराच होते. या शिवारात राहणाऱ्या उंदरासमोर निसर्गाने शर्करांची निवडचाचणीच मांडली आहे, असे म्हणता येईल.

या उंदरांचा उपद्रव शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. उसाची खालची कांडी कुरतडली जातात, गव्हाच्या ओंब्या बिळात ओढून नेल्या जातात, बांध पोखरले जातात, ठिबकच्या नळ्या तुटतात. त्यावर उपाय म्हणून विषारी आमिष वापरले जाते आणि ते ‘चविष्ट’ व्हावे म्हणून त्यात गूळ किंवा साखर मिसळण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. शिकलेला माणूस या प्रथेचे समर्थन करताना प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराचा दाखला देतो. हा दाखला योग्य आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. विष, पिकाचे नुकसान, लहान मुले, पाळीव जनावरे व पक्षी यांच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध असल्याने तो केवळ तात्त्विक राहत नाही.

२. गोडीचे मोजमाप : कोणत्या मापाने ?

या विषयातील आरंभीच्या संशोधकांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवून एकीत साधे पाणी व दुसरीत द्रावण द्यायचे आणि उंदीर कोणते किती पितो ते मोजायचे, ही साधी रीत त्यांनी प्रभावीपणे वापरली. १९४० मध्ये त्यांनी कॅथरीन कॅम्पबेल यांच्यासह पाच सामान्य शर्करांविषयी उंदरांचे चवीचे उंबरठे व पसंती यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच रिक्टर यांनी पुढे बाल्टिमोर शहरातील उंदीर निर्मूलनाच्या कामात भाग घेतला. चवीच्या प्रयोगांत वापरलेल्या एका थायोयुरिया संयुगाने उंदीर मेल्याचे त्यांना दिसले आणि त्यातून ‘अँटू’ या मूषकनाशकाचा शोध लागला. चवीचा अभ्यास आणि विषाचा वापर यांचे नाते असे आरंभापासूनचे आहे.

दोन बाटल्यांच्या रीतीनंतर इतर मापे आली. १९५० मध्ये शेफील्ड व रॉबी यांनी पोषणमूल्य नसलेले सॅकरिनही उंदराला बक्षीस म्हणून पुरते, हे दाखविले. १९५३ मध्ये नॉर्मन गटमन यांनी साधक अभिसंधानाच्या पद्धतीने, म्हणजे तरफ दाबण्याच्या वेगावरून, सुक्रोजच्या संहतीचा प्रभाव मोजला. १९६७ मध्ये व्हॅलेन्स्टाइन व सहकाऱ्यांनी ग्लुकोज व सॅकरिन यांचे मिश्रण दिले असता उंदीर दोहोंपैकी कोणत्याही एका द्रावणापेक्षा कितीतरी अधिक पितात, हे नोंदविले.

या सर्व प्रयोगांना ‘गोडीचे प्रयोग’ म्हटले जाते. पण त्यांनी मोजलेली गोष्ट एकच नाही. काही मिनिटांच्या चाचणीत जिभेचा कौल कळतो. तरफ दाबण्याच्या चाचणीत प्राणी किती श्रम करावयास तयार आहे, हे कळते. अनेक दिवसांच्या चाचणीत जीभ, पोट, तहान व भूक या सर्वांचा एकत्रित परिणाम दिसतो. ही मापे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रुकलिन कॉलेजमधील अँथनी स्क्लाफानी व मान यांचा १९८७ चा अभ्यास. ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, माल्टोज आणि ‘पॉलिकोज’ हे पिष्टापासून केलेले द्रव्य यांची त्यांनी अल्पकालीन चाचण्यांतून तुलना केली. कमी संहतीत उंदरांनी पॉलिकोज व माल्टोज यांना सुक्रोजपेक्षा अधिक पसंती दिली, तर अधिक संहतीत सुक्रोज वरचढ ठरले. पॉलिकोज माणसाच्या जिभेला जवळजवळ बेचव लागते. माणूस ज्याला गोड म्हणतो त्याच क्रमाने उंदीर पदार्थ निवडत नाही आणि हा क्रमही संहतीनुसार बदलतो, असे दोन निष्कर्ष यातून निघतात. गव्हाचा भरडा माणसाला सपक वाटला तरी उंदराच्या जिभेला तो तसा वाटत असेल असे गृहीत धरता येत नाही.

दीर्घकालीन चाचणीचे चित्र आणखी निराळे आहे. १९८२ मध्ये कॅनारेक व ऑर्थेन-गॅम्बिल यांनी उंदरांना नेहमीच्या अन्नाबरोबर सुक्रोज, ग्लुकोज अथवा फ्रुक्टोज यांची ३२ टक्के द्रावणे दिली. शर्करा मिळालेल्या उंदरांनी केवळ अन्न व पाणी मिळालेल्या उंदरांपेक्षा अधिक ऊर्जा ग्रहण केली. अल्पकालीन चाचणीत जिभेला वेगवेगळ्या वाटणाऱ्या शर्करा एकूण आहार वाढविण्याच्या बाबतीत अशा एका बाजूस उभ्या राहतात.

३. पोटाची साक्ष

१९८० नंतरच्या संशोधनाने जिभेचे महत्त्व नाकारले नाही. मात्र तिच्या जोडीला पोटाची साक्ष आणून उभी केली. १९८८ मध्ये स्क्लाफानी व निसेनबाम यांनी उंदरांना एका विशिष्ट स्वादाचे पाणी पिताना नळीवाटे थेट जठरात पिष्टद्रावण दिले आणि दुसऱ्या स्वादाच्या वेळी केवळ पाणी दिले. पुढे निवड दिल्यावर उंदरांनी पिष्टाशी जोडलेला स्वाद ठामपणे निवडला. जिभेने पिष्ट चाखलेलेच नव्हते. शिकले होते ते पोट.

याच पद्धतीने ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची तुलना केली असता महत्त्वाचा फरक आढळला. जठरात दिलेले ग्लुकोज स्वादाची पसंती सहज निर्माण करते. फ्रुक्टोजचा हा प्रभाव अगदी क्षीण असतो. दोन्ही गोड, दोन्हींचे उष्मांक सारखेच, तरी शरीराचा निर्णय भिन्न. २००८ मध्ये डी अराउजो व सहकाऱ्यांनी गोड चव जाणण्याची क्षमता नष्ट केलेले छोटे उंदीर, म्हणजे माऊस, कालांतराने सुक्रोजचे पाणी निवडू लागतात, हे दाखविले. २०२० मध्ये टॅन व सहकाऱ्यांनी आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या ज्या चेतामार्गामुळे असे घडते, तो माऊसमध्येच उकलला.

या संशोधनाचा निफाडच्या संदर्भात अर्थ लावून पाहता येईल. द्राक्षमण्यांच्या व उसाच्या रसांचा ब्रिक्स काढणीच्या सुमारास एकमेकांच्या जवळ, १८ ते २० च्या घरात, येऊ शकतो. ब्रिक्समापकाला शर्करेची जात कळत नाही. उंदराच्या जिभेला ती कळते, कारण एका रसात इक्षुशर्करा आहे आणि दुसऱ्यात सुट्या शर्करांची जोडी. पचनानंतर मात्र दोहोंतून अर्धे ग्लुकोज व अर्धे फ्रुक्टोज मिळते. याउलट गव्हाच्या पिष्टातून मिळते ते केवळ ग्लुकोज, म्हणजे पसंती शिकविणारी शर्करा. त्यामुळे आमिषातील धान्य हे केवळ विष वाहून नेणारे साधन नाही. शिकलेल्या पसंतीचा पाया तेच आहे आणि त्यावर गोडाची झालर लावण्याची गरज सिद्ध करावी लागेल. हे अर्थातच प्रयोगशाळेतील निष्कर्षावरून काढलेले अनुमान आहे. त्याची कसोटी शिवारातच लागावयास हवी.

४. पिंजऱ्यातील उंदीर आणि शिवारातील उंदीर

वरील प्रयोगांतील उंदीर हा ‘रॅटस नॉर्व्हेजिकस’ या जातीचा, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातात वाढलेला प्राणी आहे. ही जात भारतात प्रामुख्याने बंदरांच्या शहरांत आढळते. महाराष्ट्राच्या शेतात उपद्रव करणारे प्राणी निराळे : लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस), मऊ केसांचा शेतउंदीर (मिलार्डिया मेल्टाडा) आणि भारतीय जर्बिल (टाटेरा इंडिका). त्यांपैकी लहान घूस ओलिताच्या उसाच्या व गव्हाच्या रानात विशेष आढळते आणि बिळात धान्याचा साठा करण्यासाठी प्रसिद्ध आहे. साठा करणाऱ्या प्राण्याची निवड तत्काळ मिळणाऱ्या चवीवरच ठरते, असे मानता येत नाही. ओला, चिकट गुळमट गोळा साठवणीस सोयीचा नाही. सुका दाणा आहे.

जातीइतकाच स्वभावाचा भेद महत्त्वाचा आहे. एस. ए. बार्नेट यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात रानटी उंदीर परिचित जागी आलेल्या नव्या वस्तूला टाळतो, हे सविस्तर मांडले. प्रयोगशाळेतील उंदरात ही नव्याची धास्ती बरीच मावळलेली असते. उंदराला ओकारी करता येत नाही. अपायकारक अन्न पोटात गेले की ते बाहेर टाकण्याचा मार्ग नाही. म्हणून थोडे चाखून थांबणे, हाच त्याचा बचाव आहे. पिंजऱ्यातील उंदीर नवी बाटली दिसताच तोंड लावतो. बिळातील घूस नवा गोळा दिसताच थबकते. पहिल्याच्या वर्तनावरून दुसरीचे भाकीत करणे, ही या क्षेत्रातील उपयोजित लेखनाची मूलभूत त्रुटी आहे.

दुसरा मुद्दा तुलनेचा आहे. ३२ टक्के सुक्रोजची सवय झालेल्या उंदराला एकदम ४ टक्के द्रावण दिले, तर तो पहिल्यापासून ४ टक्केच पिणाऱ्या उंदरापेक्षाही कमी पितो. चार्ल्स फ्लॅहर्टी यांनी या परिणामाचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पक्व उसाच्या रानात राहणाऱ्या घुशीला आमिषातील चिमूटभर साखर किती मोहवील, याचा विचार या प्रकाशात व्हावयास हवा. ज्याच्या घरी रोज पक्वान्न शिजते त्याला लाह्या-बत्ताशांचे आमंत्रण देण्यासारखा हा प्रकार आहे.

ऊस कुरतडला जातो, यावरून घुशीची साखरेवरील आसक्ती सिद्ध होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. कृंतक प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडणे ही त्यांची गरज आहे. उसाच्या कांड्यात शर्करेबरोबर भरपूर पाणीही असते. शर्करेचा लवलेश नसलेल्या ठिबकच्या नळ्याही कुरतडल्या जातात, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

५. आमिषाची चिकित्सा

देशातील कृंतक नियंत्रणाच्या शिफारशींत झिंक फॉस्फाइडच्या आमिषाचे प्रमाण सामान्यतः ९६ भाग धान्याचा भरडा, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग विष असे दिले जाते. त्यापूर्वी दोन-तीन दिवस विषरहित भरडा खाऊ घालावा, असेही सांगितले जाते. या सूत्रात गूळ नाही, साखर नाही. त्यात तेल आहे, ते दाण्यावर भुकटी धरून ठेवते आणि वासही देते. ‘गोडेतेल’ या आपल्या शब्दातील ‘गोडे’ हे विशेषण शर्करेचे नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु शिफारस तोंडोतोंडी पसरताना ‘गोडे’ तेलाची जागा ‘गोड’ गुळाने घेणे अशक्य नाही.

झिंक फॉस्फाइडचा जठरातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू निर्माण होतो आणि काही तासांतच बाधा होते. मात्रा अपुरी पडली तर उंदीर जगतो आणि शिकतो. जॉन गार्सिया व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये सॅकरिनची चव व किरणोत्साराने झालेली बाधा यांची सांगड उंदीर घालतो आणि पुढे ती चव टाळतो, हे दाखविले. चव व बाधा यांत तासांचे अंतर असले तरी हे घडते, असे नंतरच्या प्रयोगांत आढळले. आमिषबुजरेपणा म्हणतात तो हाच.

येथे गुळाचा प्रश्न निर्णायक ठरतो. ठळक, ओळखू येणारी चव ही शिकण्यास सर्वांत सोपी खूण असते आणि परिचित चवीपेक्षा नव्या चवीशी तिटकारा अधिक लवकर जोडला जातो. विषाच्या दिवशी भरड्यात प्रथमच गूळ घातला, तर वाचलेल्या उंदराला आपण स्वतःच सूचना देतो की, ‘ही चव टाळ’. पूर्वामिषात गूळ नसताना विषामिषात तो घालणे म्हणजे पूर्वामिषाचा सारा खटाटोप वाया घालविणे होय. ज्या प्रयोगशाळेचा दाखला गुळाच्या समर्थनार्थ दिला जातो, तिचीच साक्ष येथे गुळाच्या विरुद्ध जाते.

ब्रोमॅडिओलोनसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या विषाचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे बुजरेपणाचा प्रश्न कमी होतो. मात्र असे विष उंदराच्या यकृतात टिकून राहते आणि तो उंदीर खाणाऱ्या प्राण्याला बाधते. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र आहे. ते पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याच्या भोवतीच्या शेतांवर घारी, शिकरे व घुबडेही जगतात. गव्हाणी घुबड हे तर उंदरांचे नैसर्गिक नियंत्रक. आमिष अधिक खपावे एवढाच हेतू ठेवला, तर हे नियंत्रकच धोक्यात येतात.

याहून गंभीर बाब माणसाची आहे. गुळाच्या वासाने उंदीर येईल न येईल. मुंग्या निश्चित येतात, कुत्रे येते, शेळी येते आणि क्वचित रानात खेळणारे मूलही येते. झिंक फॉस्फाइडवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. विष माणसाच्या जिभेला आकर्षक करू नये, एवढा विवेक आमिषाच्या पाककृतीत असावयास हवा.

६. संभाव्य आक्षेप

‘आम्ही गूळ घातला आणि आमिष संपले’, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. परंतु आमिष संपणे आणि उंदीर कमी होणे, ही दोन मोजमापे आहेत. आमिष मुंग्यांनी नेले, पक्ष्यांनी टिपले की उंदरांनी साठविले, हे रिकाम्या जागेवरून कळत नाही. दुसरा आक्षेप असा की, भारतातील काही आमिष-चाचण्यांत थोडी साखर मिसळल्याने खपत वाढल्याचे आढळले आहे. हे मान्य करावे लागेल. धान्यकोठारात किंवा घरात, जेथे इतर गोड अन्न नाही, तेथे साखरेचा उपयोग होऊ शकतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप साखरेवर नाही. पिंजरा, कोठार आणि उसाचे रान यांना एकच नियम लावण्यावर आहे.

७. शिवारातील कसोटी

या प्रश्नाचा निकाल निफाडमध्येच लावता येईल आणि त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी उघडलेली बिळे जिवंत समजावीत, ही पद्धत शेतकऱ्यास परिचित आहे. अशा जिवंत बिळांजवळ विषरहित भरडा, तेल लावलेला भरडा आणि गूळ मिसळलेला भरडा तोलून ठेवावा, जागा रोज आळीपाळीने बदलाव्यात, उरलेला भाग पुन्हा तोलावा. मुंग्या व ओलावा यांचा परिणाम वजा करण्यासाठी एक नमुना बारीक जाळीखाली ठेवावा. हाच प्रयोग ऊस कोवळा असताना व पक्व झाल्यावर, तसेच गव्हाच्या आणि द्राक्षाच्या रानात करावा. तुलनेचा परिणाम खरा असेल, तर पक्व उसात गुळाच्या भरड्याचे आकर्षण घटलेले दिसले पाहिजे. तसे न दिसल्यास प्रस्तुत लेखातील अनुमान मागे घ्यावे लागेल. कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रासारखी संस्था जवळ असताना स्थानिक महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, मानसशास्त्र व कृषी या विषयांच्या विद्यार्थ्यांना असा संयुक्त प्रकल्प हाती घेता येण्यासारखा आहे. त्यात एकाही प्राण्याचा जीव घ्यावा लागत नाही.

८. समारोप

शर्करा आणि उंदीर यांविषयीचे संशोधन समृद्ध आहे. त्याचा आपल्याकडील वापर मात्र तोकडा आहे. ‘उंदराला गोड आवडते’ हे विधान असत्य नसून अपुरे आहे. कोणती शर्करा, किती संहतीत, कोणत्या उंदराला, किती वेळाच्या मोजमापात आणि आजूबाजूला दुसरे काय उपलब्ध असताना, हे पाच प्रश्न त्याच्यासोबत आले नाहीत, तर ते विधान विज्ञान राहत नाही, म्हण बनते. शेतकऱ्याच्या हाती विष देताना त्याच्या आधाराला म्हण पुरेशी नाही. जोवर शिवारातील कसोटी होत नाही, तोवर साध्या धान्याचा भरडा, थोडे तेल, निष्ठेने केलेले पूर्वामिष आणि बिळातच आमिष टाकण्याची दक्षता एवढ्यावर थांबणे आणि गूळ घरच्या डब्यात राहू देणे, हेच उपलब्ध ज्ञानाशी सुसंगत ठरेल.